पर्यायी चाचणीच्या कागदावर सही करण्याआधी : अमेरिकेतले दोन शिक्षण कायदे आणि आपलं मूल

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत राहणारं मराठी कुटुंब. मुलगा आठ वर्षांचा, ऑटिझमचं निदान झालेलं, तिसऱ्या वर्षापासून आयईपी, म्हणजे शाळेने त्याच्यासाठी लेखी ठरवलेला वैयक्तिक शिक्षण आराखडा, आहे. सप्टेंबरपासून तो तिसरीत जाईल. वार्षिक मीटिंगमध्ये शाळेच्या टीमने सुचवलं, की राज्याची नेहमीची परीक्षा याला नको, पर्यायी चाचणी, म्हणजे तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठीची वेगळी, सोपी परीक्षा, देऊ, उगाच ताण कशाला. आईवडिलांना सही करावी की नाही ते ठरवता येत नाही. त्यात वॉशिंग्टनमधलं शिक्षण खातं बंद होणार अशा बातम्या येत आहेत, तेव्हा आयईपी टिकेल का? आणि ओळखीचं कुणी सांगतंय, की आता सरकारी मदतीने खाजगी शाळेतही घालता येईल.

आयईपी जात नाही. तो ज्या कायद्यातून मिळतो तो अमेरिकन काँग्रेसने केलेला आहे आणि काँग्रेसने बदलल्याशिवाय तो बदलत नाही. खात्यातली माणसं कमी केली, कार्यालयं बंद केली, तरी तुमच्या डिस्ट्रिक्टवरचं, म्हणजे गावच्या शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेवरचं, बंधन तसंच राहतं. म्हणून आज वॉशिंग्टनची चिंता बाजूला ठेवा आणि मीटिंगमध्ये पुढे सरकवलेल्या त्या कागदाकडे बघा. त्याचा परिणाम पुढची दहा वर्षं राहू शकतो.

इथे दोन कायदे एकमेकांत गुंतले आहेत, ते आधी सोडवून घेऊ. एक कायदा सगळ्या मुलांचा. १९६५ मध्ये लिंडन जॉन्सन यांनी सही केलेला प्राथमिक व माध्यमिक शिक्षणाचा कायदा. तोच २००२ मध्ये जॉर्ज बुश यांच्या काळात ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ झाला आणि डिसेंबर २०१५ मध्ये ओबामांच्या सहीने ‘एव्हरी स्टुडंट सक्सीड्स ॲक्ट’, म्हणजे बोलीत ‘एसा’. दुसरा कायदा अपंगत्व असलेल्या मुलांचा. १९७५ मध्ये जेराल्ड फोर्ड यांनी त्यावर सही केली, १९९० पासून त्याचं नाव आयडीईए. त्यात १९९७ आणि २००४ मध्ये मोठे बदल झाले. २००४ नंतर त्याची संपूर्ण फेरमांडणी झालेलीच नाही.

पहिला कायदा शाळेकडून हिशेब मागतो : सगळी मुलं मोजलीत का, आणि कुठल्या गटातली किती शिकली? दुसरा हक्क देतो : या एका मुलाला त्याच्या गरजेप्रमाणे, फुकट आणि योग्य शिक्षण मिळालंच पाहिजे. पालक दाद मागू शकतात ती मुख्यतः दुसऱ्या कायद्याखाली. पहिल्याच्या आधारे एखाद्या पालकाला कोर्टात जायची वाट जवळपास नाहीच. तरीही पहिला कायदा बदलला की शाळेचं वागणं बदलतं, कारण शाळा ज्याचा हिशेब द्यावा लागतो त्याकडे आधी लक्ष देते. पर्यायी चाचणी नेमकी या दोन कायद्यांच्या सांध्यावर येते. ती असते हिशेबासाठी, पण ठरते आयईपीच्या मीटिंगमध्ये.

१९९७ च्या आयडीईए दुरुस्तीपर्यंत अपंगत्व असलेली बरीच मुलं राज्याच्या परीक्षांना बसवलीच जात नव्हती. ज्यांचे गुण कुठेच धरले जात नाहीत, त्यांना तिसरी-चौथीचं गणित शिकवलं काय किंवा वर्षभर रंग भरायला बसवलं काय, कुणी विचारायला नव्हतं. २००२ च्या कायद्याने हे मोडलं. तिसरी ते आठवी दर वर्षी आणि हायस्कूलमध्ये एकदा वाचन व गणिताची परीक्षा, अपंगत्व असलेल्या मुलांचा निकाल वेगळा गट म्हणून जाहीर, आणि प्रत्येक गटातली किमान ९५ टक्के मुलं परीक्षेला बसलीच पाहिजेत. या एका अटीने हजारो मुलांच्या पुढ्यात पहिल्यांदा त्यांच्या इयत्तेची पुस्तकं आली. या कायद्यावर पुढे खूप टीका झाली आणि तिच्यात तथ्य होतं, पण हे श्रेय त्याच्याकडून काढून घेता येत नाही.

चुकलं ते ध्येयात. २०१३-१४ पर्यंत सगळी, म्हणजे शंभर टक्के मुलं ‘प्रवीण’ झाली पाहिजेत असं लिहिलं होतं. एका गटामुळे शाळा ‘नापास’ ठरायची, आणि तो गट बऱ्याचदा विशेष शिक्षणाच्या मुलांचा असायचा. मग या मुलांकडे ओझं म्हणून बघणं सुरू झालं. शिवाय गट मोजायला किमान किती मुलं हवीत हा आकडा राज्यांनी ठरवायचा होता. शाळेत त्याहून एक मूल कमी असलं तरी तो गट हिशेबातूनच गायब. पर्यायी चाचणीचाही असाच खेळ झाला. २००३ च्या अखेरीस नियम आला, की पर्यायी चाचणीतले ‘प्रवीण’ गुण एकूण मुलांच्या १ टक्क्यापर्यंतच धरले जातील. २००७ मध्ये मधल्या पातळीच्या, सोप्या केलेल्या परीक्षेला आणखी २ टक्क्यांची मुभा दिली. परिणाम असा झाला, की जी मुलं थोड्या आधाराने नेहमीची परीक्षा देऊ शकली असती, ती सोप्या परीक्षेकडे वळवली गेली आणि त्यांचं शिकवणंही त्याच मापाचं झालं. ती २ टक्क्यांची परीक्षा पुढे रद्द करावी लागली.

एसाने काय ठेवलं आणि काय बदललं? परीक्षांचं वेळापत्रक, वेगळे गट आणि ९५ टक्क्यांची अट राहिली. शंभर टक्क्यांचं ध्येय गेलं. शाळांचं मोजमाप कसं करायचं हे बरंचसं राज्यांवर सोपवलं. टायटल वन शाळांपैकी, म्हणजे गरीब मुलांसाठी केंद्राची मदत घेणाऱ्या शाळांपैकी, सर्वात खालच्या ५ टक्के शाळा आणि ज्यांचं पदवीचं प्रमाण ६७ टक्क्यांच्या खाली आहे अशी हायस्कुलं, यांना व्यापक सुधारणेच्या यादीत टाकलं जातं. एखादा गट सतत मागे राहत असेल तर त्या गटापुरती वेगळी यादी. शाळेचं नाव ‘अपंगत्व असलेली मुलं’ या गटासाठी यादीत आहे का, हे राज्याच्या शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावरच्या शाळा-अहवालात दिसतं. मीटिंगला जाण्याआधी तो अहवाल जरूर उघडा. शाळेवर दबाव कुठून आहे ते त्यातून कळतं.

तुमच्यासाठी सर्वात महत्त्वाचा बदल मात्र पर्यायी चाचणीच्या मर्यादेत आहे. आधी मर्यादा धरल्या जाणाऱ्या गुणांवर होती. एसाने ती चाचणी देणाऱ्या मुलांच्या संख्येवर आणली : राज्यात त्या विषयाची परीक्षा देणाऱ्या एकूण मुलांपैकी १ टक्क्याहून जास्त मुलं पर्यायी चाचणीला बसवता येत नाहीत. लक्षात घ्या, हा १ टक्का सगळ्या मुलांतला. देशात सार्वजनिक शाळांतली सुमारे १५ टक्के मुलं, म्हणजे ३ ते २१ वर्षांची साधारण ७५ लाख, आयडीईएखाली सेवा घेतात. सोपा हिशेब करा : शंभर मुलांत पंधरा विशेष शिक्षणातली, त्यातलं एखादंच पर्यायी चाचणीसाठी. ती चाचणी नुसता ऑटिझम असलेल्या किंवा उशिरा बोलायला लागलेल्या मुलासाठी योजलेलीच नाही.

ही मर्यादा राज्याची आहे. डिस्ट्रिक्टला किंवा शाळेला कोटा नाही. त्यामुळे ‘आमचा एक टक्का भरला, तुमच्या मुलाला बसवता येणार नाही’ हे कुणी म्हणत असेल तर चूक, आणि ‘जागा आहे, बसवून टाकू’ हेही चूक. डिस्ट्रिक्ट १ टक्क्याच्या वर गेलं तर त्याने राज्याला लेखी समर्थन द्यायचं असतं. राज्याला स्वतःला सवलत हवी असेल तर परीक्षांच्या ९० दिवस आधी फेडरल खात्याकडे अर्ज करावा लागतो. प्रत्येक मुलाचा निर्णय मात्र त्याच्या आयईपी टीमचाच, आणि पालक त्या टीमचे पूर्ण सभासद आहेत.

निकष फेडरल नियमांत स्पष्ट आहेत. ‘सर्वात तीव्र बौद्धिक अक्षमता’ असलेलं मूल हे, की ज्याला आपल्या इयत्तेच्या अभ्यासक्रमात मोजता येईल अशी प्रगती करायलासुद्धा सतत, थेट, त्याच्यापुरतं बेतलेलं शिकवणं आणि भरपूर आधार लागतो. कुठल्या प्रवर्गात निदान झालंय यावरून हे ठरवता येत नाही, म्हणजे आयईपीवर ‘ऑटिझम’ लिहिलंय हे कारण चालत नाही. आधीच्या परीक्षांत गुण कमी पडले हे एवढंच कारण चालत नाही. आजवर जादा वेळ किंवा इतर सवलती लागल्या हेही चालत नाही. घरात इंग्रजी बोलत नाहीत हे तर मुळीच नाही. आणि ‘त्याला ताण येतो’ हे या निकषांत कुठेही बसत नाही. ताणावर उपाय सवलतींत शोधायचा असतो.

प्रत्यक्षात फरक किती असतो बघा. न्यू जर्सीत पर्यायी चाचणी म्हणून ‘डायनॅमिक लर्निंग मॅप्स’ वापरतात. नेहमीच्या परीक्षेत तिसरीचं मूल संगणकावर दोन उतारे वाचतं, त्यांची तुलना करतं, उत्तराला उताऱ्यातला पुरावा जोडतं. पर्यायी चाचणीत शिक्षिका मुलाशेजारी बसते, छोटी गोष्ट वाचली जाते, मग थोडेच प्रश्न, कधी चित्रांतून निवड : गोष्टीतला मुलगा कुठे गेला होता? ज्या मुलाला याची खरी गरज आहे, त्याच्यासाठी ही चाचणी फार विचारपूर्वक बनवलेली आहे आणि तिच्यात कमीपणा काहीच नाही. पण जो मुलगा आज दुसरीचा उतारा अडखळत का होईना वाचतो, त्याला इथे बसवलं तर वर्गातलं शिकवणंही हळूहळू त्या चित्रापाशी येऊन थांबतं. तिसरीत ओळखायचे शब्द, चौथीत तेच, सहावीत तेच. हायस्कूलला पोहोचेपर्यंत बीजगणिताचा पाया घातलेलाच नसतो, आणि मग ‘बघा, याला जमत नाही’ म्हटलं जातं.

म्हणूनच कायद्याने टीमवर एक बंधन घातलंय. पर्यायी चाचणीने मुलाच्या शिक्षणावर काय परिणाम होईल, आणि हायस्कूलचा नेहमीचा डिप्लोमा मिळायला उशीर होईल का किंवा तो हुकेल का, हे पालकांना स्पष्ट सांगायचं. सांगितलं नसेल तर विचारा, आणि उत्तर लेखी मागा. पर्यायी चाचणी दिली म्हणून मुलाला नेहमीच्या डिप्लोमासाठी प्रयत्न करण्यापासून अडवता येत नाही, हेही एसात लिहिलेलं आहे. डिप्लोमाची आणखी एक बाजू लोकांना उशिरा कळते. नेहमीचा हायस्कूल डिप्लोमा हातात पडला की त्या दिवशी आयडीईएचा हक्क संपतो, मूल अठरा वर्षांचं असलं तरी. काही राज्यं एसाखाली जो पर्यायी डिप्लोमा देतात, त्याने तो संपत नाही. तिसरीत यावर निर्णय घ्यायचा नाही, पण ही वाट माहीत असू द्या.

टीमसमोर काय मागायचं? पहिलं, पुरावा. मुलगा तीव्र बौद्धिक अक्षमतेच्या निकषात बसतो असं म्हणत असाल तर कशावरून? बुद्धिमापन चाचणी कधीची आहे? ती बोलून उत्तरं देण्यावर आधारलेली असेल आणि मुलगा कमी बोलत असेल, तर तिने मोजलं ते बोलणं. बुद्धी तशीच न मोजलेली राहिली. न बोलता, हाताने मांडून किंवा दाखवून सोडवायच्या चाचण्या असतात, त्या मागा. दैनंदिन व्यवहाराची प्रश्नावली तुम्ही भरली की फक्त शाळेने? दुसरं, नेहमीच्या परीक्षेत कुठल्या सवलती आजवर वापरून पाहिल्या? जादा वेळ, मधले विराम, लहान गटात किंवा वेगळ्या खोलीत बसणं, हेडफोन, सूचना पुन्हा सांगणं, संवादाचं उपकरण. त्या वर्गातल्या छोट्या चाचण्यांतही वर्षभर वापरलेल्या हव्यात. परीक्षेच्या दिवशी अचानक हेडफोन लावला तर मूल आणखी बिथरतं. उतारा संगणकाकडून वाचून घेण्याची सवलत वाचनाच्या परीक्षेत वेगळ्या, कडक निकषांवर मिळते, तेव्हा ती हवी असेल तर आयईपीत कारणासह लिहून घ्या.

‘पण तो नापास झाला तर?’ ही भीती जवळपास प्रत्येक घरात असते. एसाखालच्या परीक्षेत मूल नापास होत नाही; ते गुण शाळेच्या हिशेबासाठी असतात. तिसरीच्या परीक्षेवरून मुलाला त्याच वर्गात ठेवण्याचा नियम फ्लोरिडासारख्या काही राज्यांनी स्वतःचा केला आहे आणि तिथेही विशेष शिक्षणाच्या मुलांसाठी अपवाद आहेत. न्यू जर्सीत असा कायदा नाही. कमी गुण आले तर उलट पुढच्या मीटिंगमध्ये जास्त सेवा मागायला तेच गुण तुमच्या हातातला पुरावा असतात.

आता परीक्षा बाजूला ठेवून आयईपीकडेच वळू, कारण हक्क तिथे आहे. मार्च २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोलोरॅडोतल्या डग्लस काउंटीविरुद्ध एन्ड्रू एफ. या खटल्यात आठ विरुद्ध शून्य असा निकाल दिला. तो मुलगाही ऑटिझम असलेलाच होता, आणि वर्षामागून वर्षं त्याच्या आयईपीत जवळपास तीच ती उद्दिष्टं लिहिली जात होती. न्यायालय म्हणालं, नावापुरती प्रगती पुरेशी नाही. मुलाची परिस्थिती लक्षात घेऊन योग्य ठरेल अशी प्रगती होईल, असा आयईपी हवा. हा निकाल टीमला ऐकवण्यापेक्षा त्याची कसोटी लावा. मागच्या तीन वर्षांचे आयईपी शेजारी शेजारी ठेवा आणि उद्दिष्टांवर लाल पेन फिरवा. तीच वाक्यं पुन्हा आली असतील तर तिथेच बोट ठेवा.

उद्दिष्ट कसं असावं? ‘वाचनात सुधारणा करेल’ हे उद्दिष्ट नव्हे. ‘आज दुसरीच्या पातळीचा न पाहिलेला उतारा मिनिटाला ३२ शब्द अचूक वाचतो, जूनपर्यंत ६० वाचेल, पाचपैकी चार वेळा, दर दोन आठवड्यांनी मोजलं जाईल आणि तक्ता घरी येईल’ हे उद्दिष्ट. सेवांचंही तसंच. ‘स्पीच थेरपी गरजेनुसार’ असं लिहिलं की गरज कुणाची ते थेरपिस्टचं वेळापत्रक ठरवतं. आठवड्यातून किती वेळा, किती मिनिटं, एकट्याला की गटात, गटात किती मुलं, वर्गात की बाहेर, हे आकड्यांत लिहून हवं. आणि एक बारकावा : २००४ च्या दुरुस्तीने टप्प्याटप्प्याची छोटी उद्दिष्टं बहुतेक मुलांसाठी सक्तीची ठेवली नाहीत, पण पर्यायी चाचणी देणाऱ्या मुलांसाठी ती आजही सक्तीची आहेत. तुम्ही शेवटी पर्यायी चाचणीला होकार दिलात आणि आयईपीत ते टप्पे नसतील, तर तो आयईपी अपुरा आहे.

चाचणी बदलली म्हणून वर्ग बदलायचा नसतो, हेही ठासून सांगा. नेहमीच्या अभ्यासक्रमात फेरफार करावे लागतात एवढ्याच कारणाने मुलाला त्याच्या वयाच्या मुलांच्या वर्गातून काढता येत नाही, असा आयडीईएचा नियम आहे. ‘पर्यायी चाचणीची मुलं त्या खोलीत बसतात’ हे शाळेच्या सोयीचं वाक्य आहे, त्याला कायद्याचा आधार नाही.

न्यू जर्सीत सहीच्या बाबतीत एक मोठा खड्डा आहे आणि आपली माणसं त्यात हमखास पडतात. पहिल्या आयईपीला पालकांची लेखी संमती लागते. त्यानंतरच्या आयईपीला मात्र ‘सही केली नाही म्हणजे नकार’ असं होत नाही. लेखी नोटीस दिल्यापासून १५ दिवस गेले, आणि तुम्ही मध्यस्थीसाठी किंवा ड्यू प्रोसेस सुनावणीसाठी, म्हणजे न्यायाधीशासमोरच्या औपचारिक सुनावणीसाठी, अर्ज केला नाही, तर प्रस्तावित आयईपी आपोआप लागू होतो. कॅलिफोर्नियात उलट आहे. तिथे पालकांच्या संमतीशिवाय बदल लागू होत नाहीत. बे एरियातल्या चुलत बहिणीचा सल्ला न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये लागू पडेलच असं नाही, तो इथेच फसतो. १५ दिवसांत अर्ज केलात तर वाद मिटेपर्यंत सध्याचा आयईपी जसाच्या तसा चालू ठेवावा लागतो. मीटिंगमध्येच सही केली तर हे १५ दिवस तुम्ही सोडून दिले असा त्याचा अर्थ होऊ शकतो. कागद घरी घेऊन या. ‘वाचून कळवतो’ एवढं वाक्य पुरतं, त्यात उद्धटपणा नाही.

शाळेच्या मूल्यमापनाशी असहमत असाल तर स्वतंत्र मूल्यमापन डिस्ट्रिक्टच्या खर्चाने मागता येतं. तशी मागणी केली की डिस्ट्रिक्टपुढे दोनच रस्ते : खर्च द्यायचा, नाहीतर आपलं मूल्यमापन योग्य आहे हे सिद्ध करायला स्वतः सुनावणी मागायची. न्यू जर्सीत त्यासाठी २० दिवस आहेत. नवं मूल्यमापन मागितलं तर अर्ज मिळाल्यापासून २० दिवसांत बैठक, आणि ज्या मुलाला आधीच आयईपी आहे त्याचं पुनर्मूल्यमापन संमती दिल्यापासून ६० दिवसांत झालं पाहिजे; पहिल्यांदाच होत असेल तर ९० दिवसांत मूल्यमापन, पात्रता, आयईपी आणि अंमलबजावणी असं सगळं. अहवाल पात्रतेच्या बैठकीआधी किमान १० दिवस तुमच्या हातात. फेडरल कायद्यात पहिल्या मूल्यमापनाला ६० दिवस आहेत, पण राज्याने स्वतःची मुदत ठरवली असेल तर ती चालते. टेक्सासमध्ये हे दिवस शाळेच्या कामकाजाचे मोजतात, त्यामुळे कॅलेंडरवर बराच लांबचा दिवस निघतो.

वाद सोडवायचे तीन मार्ग आहेत. राज्याकडे लेखी तक्रार फुकट असते, वकील लागत नाही, मागच्या एका वर्षातल्या उल्लंघनाबद्दल करता येते आणि राज्याला ६० दिवसांत निकाल द्यायचा असतो. ठरलेली स्पीच थेरपी दिलीच नाही, मुदत पाळली नाही, अशा सरळ गोष्टींना हा मार्ग उत्तम. मध्यस्थीही फुकट आणि ऐच्छिक असते. ड्यू प्रोसेस सुनावणी हे मोठं पाऊल, कोर्टासारखंच. दोन वर्षांपर्यंतच्या गोष्टींबद्दल. सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या निकालाप्रमाणे सिद्ध करण्याचा भार दाद मागणाऱ्यावर असतो, पण न्यू जर्सीने २००८ पासून स्वतःच्या कायद्याने तो डिस्ट्रिक्टवर टाकला आहे. हे राज्य सोडून जाण्याचा विचार असेल तर तेही हिशेबात धरा. पालक जिंकले तर वकिलाची फी परत मिळू शकते. तज्ज्ञ साक्षीदाराची मात्र मिळत नाही.

आता वॉशिंग्टन. २०२५ च्या मार्चमध्ये फेडरल शिक्षण खात्यातली जवळपास निम्मे कर्मचारी कमी करण्याचा निर्णय झाला, त्याच महिन्यात खातं बंद करण्याच्या दिशेने अध्यक्षांचा आदेश निघाला, आणि जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कपात तूर्त चालू ठेवू दिली. खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाच्या १२ विभागीय शाखांपैकी ७ बंद झाल्या, त्यात न्यू यॉर्कची शाखाही आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये टायटल वनसारख्या कार्यक्रमांचं रोजचं काम कामगार खात्याकडे देण्याचे करार जाहीर झाले. त्या करारांत आयडीईए नव्हता. विशेष शिक्षणाचं कार्यालय शिक्षण खात्यातच असावं हे आयडीईएमध्येच लिहिलेलं असल्यामुळे ते कायमचं हलवायला काँग्रेस लागते.

याचा त्रास कुठे जाणवेल? फेडरल देखरेखीत. देखरेख सैल पडली की काय होतं याचं उदाहरण टेक्सासने दाखवलंय. तिथे राज्याने २००४ पासून डिस्ट्रिक्टच्या गुणपत्रिकेत विशेष शिक्षणातल्या मुलांचं प्रमाण ८.५ टक्क्यांपर्यंत असावं असा निर्देशांक ठेवला होता. आकडा गाठायचा म्हणून मुलांचं मूल्यमापनच लांबवलं जायचं, नाकारलं जायचं. वृत्तपत्राने २०१६ मध्ये ते उघड केलं, २०१७ मध्ये विधिमंडळाने तो निर्देशांक रद्द केला आणि जानेवारी २०१८ मध्ये फेडरल खात्याने राज्याने कायदा मोडल्याचं ठरवलं. इतकी वर्षं हे चाललं, आणि तेव्हा तर खातं पूर्ण मनुष्यबळावर होतं. म्हणून यापुढे भेदभावाची तक्रार फक्त नागरी हक्क कार्यालयाकडे टाकून वाट पाहत बसू नका. राज्याची तक्रार आणि सुनावणी या दोन्ही यंत्रणा राज्याच्या आहेत, त्या चालूच आहेत.

पैशाचं म्हणाल तर १९७५ मध्ये काँग्रेसने जादा खर्चापोटी देशाच्या सरासरी दरडोई शालेय खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत देण्याचं वचन दिलं होतं. अलीकडे प्रत्यक्षात १५ टक्क्यांच्या आतच मिळतं. बाकी भार राज्य आणि गावच्या मालमत्ता करावर. शाळा काही थेरपींचे पैसे मेडिकेडकडूनही, म्हणजे कमी उत्पन्न किंवा अपंगत्व असलेल्यांच्या सरकारी आरोग्य विमा योजनेकडूनही, घेतात, आणि २०२५ च्या कायद्याने मेडिकेडला कात्री लागली आहे. बजेट नाही हे कारण तुम्हाला ऐकू येऊ लागेल. आयईपीत लिहिलेली सेवा बजेट नाही म्हणून नाकारता येत नाही, हे नम्रपणे पण प्रत्येक वेळी सांगा.

खाजगी शाळेचा सल्ला सर्वात सांभाळून घ्या. जुलै २०२५ च्या फेडरल कायद्याने शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थांना देणगी देणाऱ्यास १,७०० डॉलरपर्यंत करसवलत ठेवली आहे, ती २०२७ पासून, आणि ज्या राज्यांनी सहभाग घेतला तिथेच. शिष्यवृत्ती मिळाली तरी पालकांनी स्वतःहून खाजगी शाळेत घातलेल्या मुलाला आयडीईएचा वैयक्तिक हक्क राहत नाही. आयईपी नाही, सुनावणीचा हक्क जवळपास नाही. डिस्ट्रिक्ट ठरवेल त्या थोड्या सेवा मिळाल्या तर मिळाल्या. ॲरिझोनात तर खाजगी शिक्षणासाठी राज्य पालकांना देतं ते पैसे घेताना डिस्ट्रिक्टला जबाबदारीतून मुक्त करतो असं पालकांकडून लिहून घेतात. खाजगी शाळा मुलाला मध्येच काढूही शकते. याउलट डिस्ट्रिक्टने स्वतः, आयईपीतून, मान्यताप्राप्त खाजगी विशेष शाळेत पाठवलं तर सगळे हक्क शाबूत राहतात आणि फीही डिस्ट्रिक्टच भरतं. दोन्ही शाळांची इमारत एकच असू शकते. हक्क मात्र जमीन-अस्मानाच्या फरकाचे.

भाषेबद्दलही सांगायला हवं. घरी मराठी बोलणं बंद करा असा सल्ला अजूनही दिला जातो. दोन भाषांमुळे ऑटिझम होत नाही, बोलणं खुंटत नाही, आणि कुठलाही कायदा तशी अट घालत नाही. आजी-आजोबांशी बोलायची भाषा मुलाकडून काढून घेऊ नका. मूल्यमापन मुलाला सर्वात नीट समजते त्या भाषेत व्हायला हवं आणि आईवडिलांना दुभाषा मागता येतो, तोही फुकट. किमान आठवडाभर आधी लेखी मागा आणि नातेवाइकाला दुभाषा करू नका. दुभाष्याने ‘इंटलेक्च्युअल डिसॅबिलिटी’ला ‘मतिमंद’ म्हटलं, की समोरची आई पुढचं काहीच ऐकत नाही. फेडरल कायद्यांनी तो जुना इंग्रजी शब्द २०१० मध्येच काढून टाकला, आपणही ‘बौद्धिक अक्षमता’ म्हणूया.

पुढच्या दोन दिवसांत मुलाच्या आयईपीचं काम बघणाऱ्या केस मॅनेजरला ईमेल पाठवा, प्रत विशेष शिक्षणाच्या डायरेक्टरला. त्यात पाच गोष्टी येऊ द्या : पर्यायी चाचणीला आमची सध्या संमती नाही, कुठल्या निकषांवर आणि कुठल्या चाचण्यांच्या आधारे ती सुचवली ते लेखी नोटिशीत द्या, डिप्लोमावरचा परिणाम लेखी कळवा, न बोलता द्यायच्या बुद्धिमापन चाचणीसह नवं मूल्यमापन हवंय, आणि मुलाची संपूर्ण फाइल पाहायची आहे. राज्यातल्या पालकांसाठी ‘स्पॅन’ हे फेडरल निधीवर चालणारं मोफत मार्गदर्शन केंद्र आहे, मसुदा पाठवण्याआधी त्यांना दाखवता येईल. नोटीस कुठल्या तारखेला हातात आली ते कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि तिथून बाराव्या दिवसावर खूण करा. तोवर समाधानकारक उत्तर आलं नाही, तर मध्यस्थीचा अर्ज त्याच दिवशी भरा.